वितरित साठवण टॉरमधून वापरताना काय लपते आणि काय उघडे राहते

आपली फाइल संगणकातून बाहेर पडण्याआधीच कूटबद्ध केली, म्हणजे ती ज्या सर्व्हरवर जाऊन पडेल त्याच्या मालकाला ती वाचता येत नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते, आणि गोपनीयतेचा विचार बहुतेकदा तिथेच थांबतो. परंतु न वाचता येणाऱ्या त्या फाइलीबद्दलही सर्व्हरला पुष्कळ काही कळते : ती कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) आली, किती वाजता आली, केवढी होती, आणि पुढे कोणकोणत्या पत्त्यांवरून ती परत मागवली गेली. आयपी पत्त्यावरून इंटरनेट पुरवठादारापर्यंत आणि त्याच्या नोंदींवरून ग्राहकाच्या नावापर्यंत पोहोचणे, ज्यांच्या हाती तसा अधिकार आहे त्यांना अवघड नसते. एखाद्या कारखान्यातल्या प्रदूषणाची कागदपत्रे जमवणाऱ्या कामगारासाठी, किंवा ती ज्याच्याकडे पोहोचणार आहेत त्या पत्रकारासाठी, कागदांत काय लिहिले आहे याइतकेच ते कोणी कोणाकडे ठेवले हेही जपण्याजोगे असते. वितरित साठवण, म्हणजे फाइल अनेक यंत्रांवर विखरून ठेवणे, आणि टॉरसारखे पाठवणाऱ्याचा पत्ता लपवणारे निनावी जाळे यांची सांगड घालण्याची गरज इथून निर्माण होते. ती कशी घालावी आणि कुठे सुटते हे समजून घेण्यासाठी मी ताहो-एलएएफएस ही प्रणाली उदाहरणादाखल घेत आहे, कारण ओळख लपवण्याचा प्रश्न वापरणाऱ्यावर न सोडता तिच्या रचनाकारांनी तो संगणकीय कार्यक्रमाच्या (सॉफ्टवेअरच्या) आत सोडवण्याचा प्रयत्न केला आहे.

ताहोची सुरुवात २००६-०७च्या सुमारास ऑलमायडेटा नावाच्या अमेरिकी कंपनीत झाली. झूको विलकॉक्स-ओहर्न आणि ब्रायन वॉर्नर हे तिचे प्रमुख रचनाकार असून तिची रचना समजावणारा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रणाली मुक्त स्रोताची आहे, त्यामुळे कोणत्याही गटाला आपापल्या यंत्रांवर स्वतःचा साठा उभारता येतो. वापरणाऱ्याच्या संगणकावर फाइल आधी कूटबद्ध होते आणि मग तिचे १० तुकडे केले जातात. हे तुकडे साध्या कापाकापीचे नसतात; गणिती पद्धतीने ते असे बनवलेले असतात की १०पैकी कोणतेही ३ हाती आले तरी मूळ फाइल पूर्ण उभी राहते. हे आकडे बदलता येतात, पण प्रणाली मुळात ‘१०पैकी ३’ असेच धरून चालते. तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरांवर जातात, आणि वापरणाऱ्याकडे उरते ती ‘कॅप’, म्हणजे अक्षरांची एक लांब माळ, जिच्यात फाइल शोधण्याची खूण आणि ती उघडण्याची किल्ली दोन्ही असतात. ज्याच्याकडे रीड-कॅप, म्हणजे वाचण्याची मुभा देणारी कॅप, आहे तो फाइल वाचू शकतो. ज्याच्याकडे ती नाही, मग तो सर्व्हरचा मालक का असेना, तो ती वाचू शकत नाही, आणि तुकड्यांत गुपचूप बदल करून खोटी फाइलही खपवू शकत नाही.

इथपर्यंतची रचना भक्कम आहे. मात्र वितरणामुळे एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. फाइल एका सर्व्हरवर ठेवली असती तर ती ठेवल्याचा साक्षीदार एकच असता. १० सर्व्हरांवर तुकडे पाठवताना आपला संगणक त्या दहांशी थेट जोडणी करतो, आणि म्हणून साक्षीदारही दहा होतात. त्यांच्याखेरीज ‘इंट्रोड्यूसर’ नावाचा एक नोड, म्हणजे जाळ्यातला एक संगणक, असतो, जो नव्या संगणकाला साठ्यातल्या सर्व्हरांची ओळख करून देतो. त्यालाही आपला पत्ता कळतो. म्हणजे फाइलीच्या आशयाला ज्या विखुरण्याने बळ मिळाले, त्याच विखुरण्याने तिच्या मालकाची ओळख अधिक ठिकाणी नोंदली गेली. माझ्या मते कूटबद्ध वितरित साठ्याबद्दल बोलताना हे सर्वांत आधी सांगायला हवे.

यावर उपाय म्हणून पहिले नाव येते ते टॉरचे. थरांमागून थर कूटबद्ध करून संदेश फिरवण्याची ही कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली; आजच्या टॉरची रचना रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सिव्हरसन यांनी २००४च्या शोधनिबंधात मांडली. टॉरमधली जोडणी साधारणतः ३ रिलेंमधून, म्हणजे वाहतूक पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या संगणकांतून, जाते. पहिल्या रिलेला आपला पत्ता कळतो पण आपण कुठे चाललो आहोत हे कळत नाही, शेवटच्याला ठिकाण कळते पण निघालो कुठून हे कळत नाही, आणि मधल्याला दोन्ही कळत नाही. व्हीपीएनची, म्हणजे आपली वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेची, गोष्ट वेगळी असते, कारण तिथे ही दोन्ही टोके एकाच कंपनीला ठाऊक असतात. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते ५ वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले इथले सर्व्हर हलवले. ज्याच्याकडे नोंद आहे त्याच्याकडून ती मागितली जाऊ शकते. टॉरची रचना अशी आहे की पूर्ण नोंद कोणा एकाकडे साठूच नये.

टॉरमध्ये सर्व्हरलाही लपता येते. त्यासाठी तो ‘ओनियन सेवा’ म्हणून चालवावा लागतो. अशा सेवेचा पत्ता ५६ अक्षरांचा असतो आणि तो सेवेच्या सार्वजनिक किल्लीपासूनच बनलेला असतो, त्यामुळे पत्ता बरोबर असेल तर समोरचा सर्व्हरही खराच आहे याची खात्री वेगळ्या प्रमाणपत्राविना मिळते. ग्राहक आणि सेवा दोघेही आपापल्या बाजूने ३-३ रिलेंचा मार्ग बांधून मध्ये एका ठिकाणी भेटतात. म्हणजे एकूण ६ रिले ओलांडावे लागतात, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा आयपी पत्ता कळत नाही.

आयटूपी हे २००३ मध्ये सुरू झालेले दुसरे जाळे आहे. टॉरचा मुख्य उपयोग बाहेरच्या इंटरनेटकडे निनावीपणे जाण्यासाठी होतो, तर आयटूपीचा भर जाळ्याच्या आतल्या सेवांवर आहे. तिथे जाणारा आणि येणारा मार्ग वेगवेगळा असतो, प्रत्येक मार्ग १० मिनिटांनी बदलतो, आणि जो वापरतो तो बहुधा इतरांची वाहतूकही वाहतो. फाइलींची मोठी देवाणघेवाण जाळ्याच्या आतच होणार असेल तर आयटूपीचा स्वभाव तिला अधिक अनुकूल आहे, असे मला वाटते.

आता सहज सुचणारा मार्ग असा की जो कार्यक्रम आहे तो आहे तसाच घ्यावा आणि त्याची सगळी वाहतूक टॉरच्या प्रॉक्सीकडे, म्हणजे मध्यस्थाकडे, वळवावी. हा मार्ग किती फसवा आहे ते बिटटॉरंट या फाइली आपापसांत वाटून घेण्याच्या पद्धतीने दाखवून दिले. फ्रान्समधल्या इनरिया या संस्थेतल्या संशोधकांनी ६ एक्झिट रिले (टॉरमधून बाहेरच्या इंटरनेटकडे नेणारे शेवटचे रिले) चालवून, टॉरमधून बिटटॉरंट वापरणाऱ्यांचा २३ दिवस अभ्यास केला आणि त्यातून सुमारे १०,००० आयपी पत्ते उघडकीस आणले. हे काम २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांना टॉरचे कूट फोडावे लागले नाही. बिटटॉरंटचे काही कार्यक्रम ट्रॅकरला, म्हणजे फाइल कोणाकोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला, पाठवायच्या निरोपातच स्वतःचा खरा आयपी पत्ता लिहीत होते, आणि टॉरने तो निरोप इमानाने पोहोचवला. दुसरी गळती त्याहून बारीक होती. टीसीपी आणि यूडीपी या इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत; टॉर फक्त टीसीपी वाहतूक वाहतो, यूडीपी वाहत नाही. बिटटॉरंटची भागीदार शोधण्याची विकेंद्रित यादी मात्र यूडीपीवर चालते, म्हणून ती विचारणा टॉरला बगल देऊन थेट बाहेर जात होती, आणि दोन्हीकडे एकच पोर्ट क्रमांक (संगणकावरच्या त्या कार्यक्रमाच्या दाराचा क्रमांक) दिसत असल्यामुळे टॉरमधला निनावी माणूस आणि बाहेरचा उघडा माणूस यांची जोडी लावता येत होती. याहून गंभीर बाब म्हणजे टॉर एकाच मार्गावरून एका वापरकर्त्याच्या अनेक जोडण्या नेत असल्याने, बिटटॉरंटमुळे पत्ता फुटला की त्याच मार्गावरून चाललेले त्या माणसाचे इतर ब्राउझिंगही त्याच्या नावावर जमा होत होते. निनावी जाळे पाकिटावरचा प्रेषक पुसते. आतल्या पत्राखाली आपणच सही केली असेल तर ती पुसणे त्याच्या हातात नसते.

ताहोच्या रचनाकारांनी हा धडा मनावर घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या १.१२ या आवृत्तीत टॉर आणि आयटूपी यांचा आधार कार्यक्रमाच्या आत आला. ताहोमध्ये प्रत्येक सर्व्हर आपण कुठे सापडू याची एक यादी जाहीर करतो; त्या यादीत साधा टीसीपी पत्ता, ओनियन पत्ता किंवा आयटूपी पत्ता यांपैकी काहीही असू शकते. ग्राहकाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक प्रकारच्या पत्त्याकडे कसे जायचे ते ठरवता येते : साधे टीसीपी पत्तेही टॉरमधूनच गाठायचे, असे सांगता येते, किंवा टीसीपी अजिबात बंद ठेवता येते. यांहून महत्त्वाची मला वाटते ती सेटिंगमधली आणखी एक ओळ, जिच्यात आपला आयपी पत्ता उघड होऊ द्यायचा नाही असे जाहीर करता येते. ही ओळ स्वतः काहीच लपवत नाही. ती लिहिलेली असताना बाकीच्या सेटिंगमध्ये पत्ता फुटण्याची एखादी वाट शिल्लक असेल, उदाहरणार्थ टीसीपी जोडण्या थेट जाणार असतील, किंवा यंत्राचा पत्ता आपोआप शोधून जाहीर करण्याची मुभा राहिली असेल, तर ताहो सुरू होण्यासच नकार देतो. सुरक्षेच्या साधनाने असेच वागायला हवे. चुकलेल्या सेटिंगनिशी व्यवस्थित चालणारा कार्यक्रम वापरणाऱ्याला खोटा दिलासा देतो, आणि ज्या दिवशी त्याला चूक कळते तोवर त्याचा पत्ता दहा ठिकाणी नोंदलेला असतो.

तरीही काही गोष्टी माणसानेच सांभाळायच्या राहतात. ताहोच्या प्रत्येक नोडला टोपणनाव देता येते आणि ते इतरांना दिसते. तिथे स्वतःचे नाव किंवा नेहमीचे ई-मेलचे नाव लिहिले तर ६ रिलेंचा मार्ग व्यर्थ जातो. सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस या यंत्रणेचेही तसेच आहे. एखादा कार्यक्रम सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता आधी स्वतःच विचारून घेऊन मग जोडणी टॉरकडे सोपवत असेल, तर आपण कोणाकडे निघालो आहोत हे इंटरनेट पुरवठादाराला त्या विचारणेतूनच समजते. म्हणून नाव जसेच्या तसे टॉरकडे द्यावे आणि त्याचा पत्ता जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला शोधला जावा, अशी व्यवस्था लागते.

सर्व्हर चालवणाऱ्यापुढचा प्रश्न थोडा वेगळा असतो. त्याला स्वतःला लपण्याची गरज नसली, तरी त्याने ओनियन पत्ता द्यावा का? देण्यात दोन खरे लाभ आहेत. पहिला लाभ रोजच्या व्यवहारातला आहे : घरच्या राउटरच्या मागे असलेल्या यंत्राला बाहेरून सहसा कोणी गाठू शकत नाही, पण ओनियन सेवा आतून बाहेर जोडणी करते, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट न उघडताही असे यंत्र सर्व्हर म्हणून काम करू शकते. दुसरा लाभ इतरांच्या सुरक्षेचा आहे. सर्व्हरने केवळ ओनियन पत्ताच जाहीर केला, तर टॉर चालू करायला विसरलेला ग्राहक त्याच्याशी जोडलाच जाणार नाही, आणि त्याच्या विसरभोळेपणाची शिक्षा त्याला भोगावी लागणार नाही. मात्र साधा आणि ओनियन असे दोन्ही पत्ते एकत्र जाहीर करणारा सर्व्हर स्वतः निनावी राहत नाही, कारण यादी पाहणाऱ्याला दोन्ही पत्ते एकाच यंत्राचे आहेत हे उघडच दिसते.

याची किंमत वेगात आणि इतरांच्या श्रमात मोजावी लागते. १०० एमबीची फाइल घेऊ. १०पैकी ३च्या हिशेबाने तिचे तुकडे मिळून सुमारे ३३३ एमबी होतात. हे सगळे तुकडे ओनियन सर्व्हरांकडे पाठवले तर प्रत्येक बाइट ६ रिलेंमधून जातो, म्हणजे एका १०० एमबीच्या फाइलीसाठी टॉरच्या रिलेंना मिळून जवळजवळ २ जीबी वाहतूक उचलावी लागते. हे रिले मुख्यतः स्वयंसेवक आणि छोट्या संस्था आपल्या खर्चाने चालवतात. सर्व्हर निनावी नसेल आणि ग्राहक टॉरमधून साध्या पत्त्याकडे जात असेल, तर ६ऐवजी ३च रिले लागतात. पण तेव्हा एक्झिट रिले वापरावा लागतो, आणि एक्झिट रिले तुलनेने थोडे असून ते चालवणाऱ्यांना तक्रारींना तोंडही द्यावे लागते. ताहोच्या रचनेत ‘हेल्पर’ नावाचा एक मधला नोड आहे, ज्याच्याकडे कूटबद्ध फाइल एकदाच पाठवायची आणि तुकडे करून वाटण्याचे काम त्याने करायचे. त्याला मजकूर वाचता येत नाही, आणि निनावी जाळ्यावरचा भार एक तृतीयांशाच्या आसपास येतो. चित्रपट किंवा मोठमोठे बॅकअप यांसाठी निनावी साठा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे जीवित किंवा नोकरी त्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्यांची वाट त्याने अडते.

सगळे नीट जमवल्यानंतरही निरीक्षण करणाऱ्याला काय दिसते, हा या विषयाचा सर्वांत कठीण भाग आहे. टॉरच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकणाऱ्याला, इकडून किती बाइट कधी निघाले आणि तिकडे किती कधी पोहोचले यांचा मेळ घालता येतो, आणि टॉरच्या रचनाकारांनी हे कधी लपवलेले नाही. साठवणुकीत हा धोका वाढतो, कारण मोठी फाइल म्हणजे लांबलचक, ओळखू येण्याजोगा प्रवाह असतो. सर्व्हरच्या बाबतीत काळ हा शत्रू ठरतो. वेबपान वाचणारा काही मिनिटांत निघून जातो, पण साठ्याचा सर्व्हर वर्षानुवर्षे त्याच ओनियन पत्त्यावर बसलेला असतो, आणि तो कधी बंद पडतो याची नोंद कोणालाही ठेवता येते. विदर्भातल्या एखाद्या गावात घरातल्या यंत्रावर असा सर्व्हर चालत असेल आणि तिथल्या भारनियमनाच्या वेळी तो दर आठवड्याला दिसेनासा होत असेल, तर वीज जाण्याचे वेळापत्रक आणि सर्व्हर गायब होण्याच्या वेळा ताडून त्याचा परिसर हळूहळू आवळत नेता येतो. अखंड वीज असलेल्या ठिकाणी, अनेकांची यंत्रे जिथे एकत्र असतात तिथे सर्व्हर ठेवणे, किंवा निदान बॅटरीची सोय करणे, हे अशा ठिकाणी कूटशास्त्राइतकेच महत्त्वाचे ठरते.

फाइलीच्या आशयाबद्दलही एक बारकावा आहे. साठ्यात एकच फाइल दोनदा जागा अडवू नये म्हणून कूटकिल्ली फाइलीच्या आशयापासूनच तयार करण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे सारख्या फाइलींचे कूटबद्ध रूपही सारखेच येते. परंतु मग एखादा अहवाल आधीपासून ज्याच्या हाती आहे त्याला तो स्वतः कूटबद्ध करून, हाच अहवाल साठ्यात कोणी ठेवला आहे का ते तपासता येते. त्याहून वाईट म्हणजे ठरावीक नमुन्याच्या अर्जात फक्त खाते क्रमांकासारखा छोटा भाग अज्ञात असेल, तर सगळे पर्याय एकामागून एक करून पाहता येतात. हा हल्ला २००८ मध्ये ताहोच्या संदर्भात पुढे आला, आणि तेव्हापासून ताहो किल्ली बनवताना प्रत्येक वापरकर्त्याचे एक यादृच्छिक गुपितही त्यात मिसळतो. जागेची बचत व्हावी म्हणून हे गुपित गटातल्या सर्वांनी एकच ठेवण्याचा मोह होतो; निनावीपणा हवा असेल तर तो टाळावा.

इतर प्रणालींशी तुलना केली की ताहोची निवड अधिक उमगते. २०१५ पासून वापरात असलेल्या आयपीएफएसमध्ये फाइलीचा पत्ता तिच्या हॅशवरून, म्हणजे आशयापासून गणिताने काढलेल्या खुणेवरून, ठरतो, म्हणून एखादी सार्वजनिक फाइल जगात कोणीही मागितली तरी मागणी त्याच पत्त्याची असते. ती मागणी जोडलेल्या शेजाऱ्यांना कळते आणि फाइल कोणाकडे आहे याच्या नोंदी सार्वजनिक यादीत असतात. आयपीएफएसने निनावीपणाचे आश्वासन कधी दिलेले नाही, पण ‘विकेंद्रित’ म्हणजेच ‘खासगी’ असे समजणारे पुष्कळ भेटतात. याच्या उलट टोकाला फ्रीनेट आहे. इयन क्लार्क यांनी एडिनबरा विद्यापीठात १९९९ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ते उभे राहिले आणि २०२३ पासून ते हायफानेट या नावाने चालते. त्यात साठवण आणि निनावीपणा एकाच जाळ्यात विणलेले आहेत : आपल्या डिस्कवर कोणाचे कोणते कूटबद्ध तुकडे आहेत हे आपल्यालाही कळत नाही. मात्र ज्या फाइलीला मागणी नाही ती तिथे कालांतराने नाहीशी होते, त्यामुळे जपून ठेवायच्या कागदपत्रांसाठी त्यावर विसंबता येत नाही.

ताहो निनावी जाळ्यातून वापरणाऱ्याने शेवटी आपल्या गटाच्या आकाराकडे पाहावे. पाच मित्रांनी उभारलेल्या साठ्यात बाहेरच्या माणसापासून ओळख लपते, पण आतल्या चौघांपैकी कोणाशी बिनसले तर त्याच्या दृष्टीने संशयित फक्त चारच उरतात. टॉर यात काही करू शकत नाही, आणि लपण्यासाठी जास्त माणसे हवीत एवढाच यावर उपाय आहे. फाइल ठेवण्यापूर्वी छायाचित्रांतली ठिकाणाची नोंद आणि वर्ड फाइलीतले लेखकाचे नाव काढून टाकावे लागते, कारण कूट उघडल्यावर वाचणाऱ्याला तेही दिसते. दुसऱ्याच्या साठ्यातून आलेली वेबपानाची फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडली, तर तिच्यातले एखादे चित्र बाहेरच्या सर्व्हरवरून मागवले जाऊन उघडणाऱ्याचा पत्ता तिथे जातो. अशी फाइल इंटरनेट तोडून उघडावी. आणि रीड-कॅप पुढच्या माणसाला नेहमीच्या ई-मेलने किंवा फोन नंबराला बांधलेल्या मेसेजिंग ॲपवरून पाठवली, तर कोणी कोणाला फाइल दिली याची नोंद साठ्याच्या बाहेरच तयार होते. ती ओनियन सेवेवर चालणाऱ्या माध्यमातून, किंवा शक्य असेल तर समक्ष भेटून द्यावी.